खालच्या अंगाची बाग

१२ एप्रिल

आले एकदाची हॅडली प्रेअरीत. डोंगर उतरताना गाडीचा वायपर तुटला, मग खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी हाकली. गावात शिरल्या शिरल्या कॉफीच्या टपरीवर थांबले तर तिथल्या मुलीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं की पोहत आलीस का. वर मोठी कॉफी फुकट दिली. गाव आवडलं मला.

इथे सगळ्यावर शेवाळ आहे. छपरांवर, कुंपणांवर, चर्चच्या पाटीवर, एका उभ्या गाडीच्या आरशावरसुद्धा. जास्त वेळ एका जागी उभी राहिले तर माझ्या डोक्यावरही उगवेल. छत्री कुणाच्याच हातात नाही. छत्री घेतली की माणूस बाहेरगावचा, असं इथलं शास्त्र. मी माझी डिकीतच ठेवली.

माझं काम सांगायला सोपं आहे. घरं झाली की छपरं आणि रस्ते होतात, आणि जे पाणी पूर्वी जमिनीत मुरायचं ते मोकाट सुटतं. ओढे फुगतात, चिखल होतो, सामन मासे गुदमरतात. म्हणून ते पाणी तिथल्या तिथे जिरवायचं. उताराच्या खालच्या अंगाला एक खोलगट बाग करायची, तळाला वाळू आणि खत, वर लाकडाचा भुगा, ओल सोसणारी झाडं, आणि सगळ्या छपरांचं पाणी तिच्यात आणून सोडायचं. बाग केवढी हवी ते मी ठरवते. लहान काढली तर तुंबते, मोठी काढली तर बिल्डर बोंब मारतो. इथली बिल्डर कार्ला वेन्झेल. सासऱ्याच्या जुन्या कुरणावर वीसेक घरं बांधते आहे. पगार बेताचाच, पण उताराच्या टोकाचं पहिलं घर तिने मला स्वस्त भाड्याने कबूल केलंय, आणि मी ही नोकरी धरली ती त्या घरासाठी.

घर आईसाठी हवंय. डोंगरापलीकडे याकिमाच्या कोरड्या रानात ती एकटी राहते. हिवाळ्यात अंगणात पडली आणि अर्धा दिवस तशीच पडून होती. मी तेव्हाच ठरवलं की आता तिला एकटं ठेवायचं नाही. फोनवर म्हणत होती की मला काय बघायला बोलावतेस, चिखल? मी म्हटलं, पहिला मोठा पाऊस आला की आपण दोघी बागेच्या काठावर उभ्या राहू आणि ती भरताना बघू. म्हणाली, नक्की? मग पिवळे बूट घेते.

२० एप्रिल

आज मातीची परीक्षा घेतली. पोकलेन चालवायला डेल प्रूइट होता. गडी पन्नाशीचा, तोंडाला कुलूप नाही. मला इंजिनिअरीणबाई म्हणतो आणि प्रत्येक वाक्यागणिक त्याचा मेहुणा कुठून तरी उगवतो.

रीत अशी: खड्डा खणायचा, टँकरने पाणी सोडायचं आणि आधी कित्येक तास माती नुसती भिजवायची. पोट भरलं की ती किती सावकाश पिते ते काठीने मोजायचं. माती कुठलीही असो, सुरुवातीला गटागट, मग घोट घोट, मग एका चालीवर. तो शेवटचा आकडा धरायचा, कारण शेवटचा आकडा सगळ्यात कमी असतो. तो जपून आणखी अर्धा करायचा, म्हणजे पुढे कुणाच्या तळघरात पाणी शिरत नाही. कॉलेजात हेच घोकून घेतात, आणि मी डोळे मिटून करू शकते.

इथे उलटंच झालं. सकाळी पाणी खड्ड्यात उभं राहिलं, हलेचना. मी मनात म्हटलं, झालं, चिकणमाती. मग उतरायला लागलं. मग भराभर. दुपारी तर टँकर ओततोय आणि खड्ड्याचा तळ दिसतोय. डेल म्हणाला की ही जमीन म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला आलेला त्याचा मेहुणा. पहिला ग्लास नको नको म्हणतो, मग बाटली सोडत नाही. मी हसून हसून बेजार झाले. मातीत अडकलेली हवा निघून गेली असेल आणि वाट मोकळी झाली असेल. शेवटचा आकडा धरला, अर्धा केला, तरी असा आकडा मी जन्मात पाहिला नव्हता.

एक गंमत. खड्ड्याच्या भिंतीत एकही गांडूळ नव्हतं. त्या कोपऱ्यातल्या कुंपणाच्या खांबांवर शेवाळही नाही. करडे, कोरडे, हाडासारखे उभे आहेत.

६ मे

बागेचा आराखडा झाला. एवढ्या घरांना एवढीशी बाग, मलाच खरं वाटेना. तीनदा करून पाहिलं. कार्लाने मिठी मारली. वाचलेल्या जागेत तिची आणखी दोन घरं बसतात. ऑफिसात केक आणला आणि त्यावर निळ्या क्रीमने माझं नाव चुकीचं लिहिलं. ब्रिटाऐवजी ब्रेटा. खाल्ला मी.

पन्हळांच्या नळ्या जमिनीखालून घेतल्यात. उघड्या ठेवल्या की लोक तोडतात, वळवतात, कुंड्या ठेवतात. आता मनात आणलं तरी कुणाला त्या तोडता येणार नाहीत. वीस-बावीस छपरांचा प्रत्येक थेंब थेट बागेत. स्वतःच्याच पाठीवर थाप मारावीशी वाटली.

२२ ऑगस्ट

बाग लावून झाली. नव्या झाडांना पहिला उन्हाळा पाणी द्यावंच लागतं, म्हणून डेल रोज पाइप सोडतो. तरी झाडं करपतायत. पाणी घालून पाठ वळवावी तर वरचा भुगा कोरडा ठाक. आज एक झुडूप उपटून पाहिलं. मुळं खाली गेलीच नव्हती. सगळी वरच्या बाजूला वळलेली, खोडाला लपेटून बसलेली.

डेलला दाखवलं तर म्हणाला, माझा मेहुणाही कामाच्या जागेपासून असाच लांब राहतो. पण या वेळी त्याचं त्यालाही हसू आलं नाही.

१४ सप्टेंबर

आई आली! दोन बॅगा, शिवणाचं मशीन आणि टोमॅटोची रोपं मांडीवर घेऊन. घर बघून म्हणाली की ओटा उंच आहे आणि पडदे भयंकर आहेत, म्हणजे आवडलंय. इतर घरं अजून रिकामी आहेत. माणसं नोव्हेंबरात येतील. तोवर सगळ्या वसाहतीत आम्ही दोघीच.

चहाआधीच बागेत गेली. हातमोजे काढले आणि दोन्ही हात मातीत घातले. तिला हे वेड लहानपणापासून आहे. म्हणते मोजे घालून माती बघणं म्हणजे काचेतून पाव खाणं. बराच वेळ तशीच बसली. हाका मारल्या तेव्हा उठली.

पिवळे बूट दाराशी ठेवलेत. पाऊस कधी, असं दर जेवणाला विचारते. यंदा सप्टेंबर कोरडाच चाललाय.

२१ सप्टेंबर

डेल इस्पितळात आहे.

काल नळीच्या तोंडाशी अडकलेला दगड काढायला तो बागेत उतरला होता. हातमोज्यात पकड येईना म्हणून मोजा काढला. मी काठावर होते. दगड निघाला तरी तो हात बाहेर काढेना. दोनदा हाक मारली, मग दंडाला धरून ओढलं. ओठ फुटले होते. पाण्याची आख्खी बाटली प्याला, माझी प्याला, मग गाडीतली. मला वाटलं ऊन लागलं असेल. ऊन कुठलं, ढग होते.

आज भेटून आले. डॉक्टर म्हणतात शरीरातलं पाणी एकदम गेलं, मूत्रपिंडांवर ताण आलाय, कारण कळत नाही. उजव्या हाताची बोटं वाळलेल्या शेंगांसारखी झाली आहेत. डेलने एकही विनोद केला नाही. म्हणाला, इंजिनिअरीणबाई, दुखलं नाही गं. बरं वाटत होतं. गार. कुणीतरी हात हातात घेतल्यासारखं, आणि मला सोडवून घ्यायचंच नव्हतं. मग माझ्याकडे बघून म्हणाला की तुझ्या आईला तिथे जाऊ देऊ नकोस.

मी आईला सांगितलं. आई म्हणाली की डेलला बिअर कमी कर म्हणावं.

२९ सप्टेंबर

तिचे हात बघितले. भेगा पडल्यात, बोटांची टोकं करडी झालीत. म्हातारपण, म्हणते. रात्रीतून कुणी एवढं म्हातारं होत नाही.

घराच्या बागेकडच्या बाजूलाच सगळं वाळतं. त्या खिडकीतली सफरचंदं दोन दिवसांत सुरकुतली. तिथे ठेवलेला पाव दुपारपर्यंत खडखडीत झाला. समोरच्या, रस्त्याकडच्या खिडकीत काही होत नाही. ओट्यावरच्या पेल्यावर पेन्सिलीने खूण केली होती. जेवण होईपर्यंत पाणी खुणेच्या खाली.

आईची खोली बागेकडे आहे. आज तिचा पलंग ओढून पुढच्या खोलीत आणला. कुरकुरली. म्हणाली, मला लहान मूल समजतेस. मला भीती वाटते आहे आणि ती तिला सांगता येत नाही.

१ ऑक्टोबर

सापडलं! बागेखाली जे काही आहे त्याला पाणी हवंय, दुसरं काही नाही. पाऊस नाही म्हणून ते आजूबाजूचं ओढतंय. आज पाइप सोडून ठेवला, दिवसभर. संध्याकाळी आईचे ओठ मऊ. गाणं गुणगुणत बटाटे सोलत होती. पेल्यातलं पाणी खुणेवर तसंच. मी ओट्याशी उभी राहून रडले, आणि आईला सांगितलं कांदा.

५ ऑक्टोबर

एक पाइप पुरेना. दोन लावले.

कार्लाकडे गेले. म्हटलं बाग बंद करू, तळाला चिकणमातीचा थर घालू, मी फुकट काम करते. ती आधी हसली. म्हणाली, ब्रिटा, पाणी जिरतंय अशी तक्रार घेऊन आलेली तू जगातली पहिलीच इंजिनिअर. आराखडा तुझा, शिक्का तुझा, केक तू खाल्लास. आता घरं विकू दे मला. वर म्हणाली की दोन दिवस सुट्टी घे, चेहरा उतरलाय तुझा. आरशात बघितलं. उतरलेला नाही. वाळलेला आहे.

९ ऑक्टोबर

स्वतःच्या खर्चाने चिकणमाती आणून पसरली. ओली, जाड, चोपून चोपून. सकाळी तिला भेगा पडल्या होत्या. दुपारी तिची पूड झाली. भेगांत काठी घातली तर काठी कोरडी, आणि हलकी. मी लगेच सोडून दिली, कारण हातात बरं वाटायला लागलं होतं.

१२ ऑक्टोबर

पाण्याच्या कचेरीतला माणूस आला. एवढं पाणी कुठे जातं, विचारलं. म्हटलं बागेला. त्याने बागेकडे पाहिलं. सगळं करपलेलं. पाण्याचा दाब कमी करून गेला.

आईला आज उठवत नाही. पाणी देते, पिते, पुन्हा मागते. तरी विचारते, पाऊस कधी. बूट दाराशीच आहेत ना, विचारते.

देवा, पाऊस पाड. आयुष्यभर पावसाला अडवायचा धंदा केला, आता त्याच्याच पाया पडते.

१५ ऑक्टोबर

रेडिओवर सांगितलं. समुद्रावरून मोठा पाऊस येतोय, गेल्या काही वर्षांतला सगळ्यात मोठा. शुक्रवारी सकाळी. आईला सांगितलं. तिने टाळी वाजवली, हातांचा आवाज कागदासारखा आला. मी म्हटलं, तेवढा वेळ काढ, आई. मग सगळं ठीक होईल.

१६ ऑक्टोबर

नाही होणार.

भांडी घासताना डेलचा तो मेहुणा आठवला आणि हातातली बशी फुटली. पहिला ग्लास नको नको म्हणतो. सकाळी पाणी खड्ड्यात उभं होतं. ते पीतच नव्हतं. मी पाजलं. ओतत राहिले, ओतत राहिले, आणि जसं ओतलं तशी त्याची ओढ वाढली. त्याची तहान भागत नाही, पाण्याने त्याला चटक लागते. एक पाइप, मग दोन. डोळ्यांसमोर होतं आणि मी त्याला चांगली जमीन म्हटलं. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. आमच्याच धंद्यातल्या माणसाला पाणी गायब झालेलं बघून आनंद होतो.

आता वीस छपरांचं पाणी त्याच्या तोंडात जाणार. सगळं. मीच नेऊन सोडलंय.

पाइप बंद केले.

१७ ऑक्टोबर, सकाळ

कुदळ घेऊन नळ्या शोधल्या. दोन सापडल्या, फोडल्या. बाकीच्या खोल आहेत. खोल मीच सांगितल्या होत्या. डेल असता तर पोकलेनने —

हातांना पकड राहत नाही. कुदळीच्या दांड्यावर तळव्यांची सालं निघाली. रक्त नाही आलं.

आईला इथून हलवते. आजच. हमरस्त्यावरचं मोटेल सांगून ठेवलंय. पाऊस उद्या. वेळ आहे.

१७ ऑक्टोबर, दुपार

सामान गाडीत टाकलं. आई नको म्हणाली. म्हणाली, तू शब्द दिला होतास, पावसासाठी घर विकून आले मी. ओरडले तिच्यावर. जन्मात पहिल्यांदा ओरडले. मग म्हणाली, बरं, गोळ्या घेते आणि येते. भिंत धरत आत गेलीय. तिला वेळ लागतो. तेवढ्यात हे लिहिते —

छपरावर काहीतरी वाजलं. पक्षी असेल.

नाही.

उद्या म्हणाले होते. उद्या म्हणाले होते —

हाक मारली. ओ नाही. गोळ्यांची डबी इथेच, ओट्यावर.

दाराशी बूट नाहीत.

खिडकीतून आई दिसते आहे. बागेच्या काठावर नाही, आत. गुडघे टेकून. मोजे काठावर नीट घडी करून ठेवलेत. माझ्याकडे बघून हसते आहे, हात हलवते आहे. एकच हात.

पाऊस कोसळतोय. सगळ्या नळ्या वाहतायत, ऐकू येतंय, आणि बागेत पाणी नाही. थेंब नाही.

ही वही दारात टाकून जाते. ज्याला मिळेल त्याने बाकीच्या नळ्या फोडा. उत्तरेच्या कुंपणालगत आहेत. त्याला पाणी देऊ नका. नोव्हेंबरात पोरंबाळं येणार आहेत, त्यांना सांगा, कितीही —

आई हाक मारते आहे. म्हणते, ये ना गं, बघ किती गार, हात धरलाय, सोडतच ना —